मागणी नाही, की मांडणी नाही?

अमेरिकेत मार्च महिना उजाडला की महाविद्यालयीन बास्केटबॉलचे वारे वाहू लागते. 'एनसीएए' या क्रीडासंघटनेच्या स्पर्धेत पुरुषांचे 68 संघ उतरतात. एक पराभव झाला की संघ बाद. पुरुषांची ही स्पर्धा 1939 पासून चालत आली आहे, तर महिलांची 1982 पासून. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि आता इंटरनेटवरील क्रीडापृष्ठे या दिवसांत ओसंडून वाहतात. या वार्तांकनाचे मूल्यमापन बहुधा तत्परता, आकडेवारी आणि भाकितांची अचूकता या निकषांवर केले जाते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्याहून मूलभूत प्रश्न पडतो: प्रसिद्धीचे हे वाटप कोणत्या न्यायाने होते?

महिलांच्या सामन्यांना जागा कमी का, याचे एक ठरावीक उत्तर असते: 'लोकांना हवे तेच आम्ही दाखवतो.' वरवर पाहता हे उत्तर बाजारपेठेच्या नियमाला धरून आहे. वस्तुतः त्यात एक हेत्वाभास दडलेला आहे. मागणी मोजावयाची तर माल आधी दुकानाच्या दर्शनी भागात मांडावा लागतो. माळ्यावर टाकलेल्या मालाला गिऱ्हाईक नाही, असे म्हणणे हा निष्कर्ष नव्हे. ती सबब होय.

पुरुषांच्या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क 2010 साली 14 वर्षांसाठी सुमारे 1,080 कोटी डॉलरना विकले गेले. महिलांच्या स्पर्धेचे हक्क मात्र इतर अनेक खेळांसमवेत एकाच गाठोड्यात बांधून देण्यात आले होते. ज्या वस्तूला स्वतंत्र भावच लावला नाही, तिची किंमत अल्प आहे असे वर्षानुवर्षे मानले गेले.

मार्च 2021 मध्ये हा पडदा फाटला. इंडियानापोलिस येथे पुरुष खेळाडूंसाठी सुसज्ज व्यायामशाळा उभी होती. सॅन अँटोनिओ येथे महिलांच्या वाट्याला डंबेल्सचा एक लहानसा घोडा आणि काही चटया आल्या. जागा अपुरी आहे, असा खुलासा संघटनेने केला. त्यावर ओरेगॉन विद्यापीठाची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने बाजूची मोकळी जागा चित्रफितीतून जगाला दाखवली. साथीच्या निर्बंधांमुळे त्या आवारात वार्ताहरांना मुक्त वाव नव्हता, हे मान्य केले पाहिजे. तथापि ही विषमता त्या एका सप्ताहात जन्मली नव्हती. इतक्या वर्षांच्या वार्तांकनाला जे ठळकपणे मांडता आले नाही, ते एका विद्यार्थिनीने मांडले. हे त्या वार्तांकनाचे सर्वांत बोलके मूल्यमापन होय.

त्यानंतर नेमलेल्या चौकशीच्या अहवालाने ऑगस्ट 2021 मध्ये असा अंदाज दिला की, महिलांच्या स्पर्धेचे हक्क 2025 पर्यंत वर्षाला 8 कोटी 10 लाख ते 11 कोटी 20 लाख डॉलर किमतीचे ठरू शकतील. 2022 पासून 'मार्च मॅडनेस' हे गाजलेले नाव महिलांच्या स्पर्धेलाही मिळाले. अंतिम सामन्याचे प्रेक्षक 2022 मध्ये सुमारे 48 लाख होते. 2023 मध्ये तो सामना घरोघरी दिसणाऱ्या 'एबीसी' वाहिनीवर आला आणि प्रेक्षकसंख्या सुमारे 99 लाखांवर गेली. 2024 मध्ये ती 1 कोटी 87 लाखांच्या पुढे जाऊन पुरुषांच्या अंतिम सामन्यालाही मागे टाकती झाली.

यावर आक्षेप असा की, ही सारी किमया केटलिन क्लार्क या एका असामान्य खेळाडूची. त्यात तथ्य आहे. ती गेल्यावर 2025 मध्ये प्रेक्षक सुमारे 85 लाखांवर उतरले आणि पुरुषांचा सामना पुन्हा कितीतरी पुढे गेला. परंतु हे 85 लाखही 2022 च्या संख्येच्या पाऊणपटीने अधिक आहेत. शिवाय 2024 मध्ये पुरुषांचा अंतिम सामना सशुल्क केबल वाहिनीवर होता, हेही विसरता येत नाही. दोन्ही बाजूंचे आकडे एकच गोष्ट सांगतात: वस्तू कोठे मांडली, यावर मागणी बव्हंशी अवलंबून असते.

हा प्रश्न केवळ मानाचा नाही. स्पर्धेत जिंकत जाणाऱ्या पुरुष संघांच्या वाट्याला संघटनेच्या निधीतून रक्कम येते. महिला संघांना अशी रक्कम 2025 पासून मिळू लागली. जानेवारी 2024 मध्ये झालेल्या 92 कोटी डॉलरच्या आठ वर्षांच्या करारात महिला बास्केटबॉलचे मोल वर्षाला साडेसहा कोटी डॉलर धरले गेले; पण हा करारही 40 स्पर्धांचा एकत्रित आहे. गाठोडे अद्याप सुटलेले नाही.

तेव्हा एखाद्या क्रीडापृष्ठाचा दर्जा ठरवताना त्याला किती वाचक लाभले एवढेच पाहून भागणार नाही. त्याने पहिल्या पानावर काय ठेवले, माळ्यावर काय टाकले आणि त्याचे कारण काय दिले, हेही विचारले पाहिजे. वाचकांची आवड ही आकाशातून पडत नाही. ती घडवण्यात ज्यांचा हात असतो, त्यांनी तिच्याआड लपू नये.