सर्जनशीलता, कौशल्य आणि यंत्र

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि 'डिजिटल सर्जनशीलतेची कौशल्ये' ही संज्ञा शिक्षणविषयक चर्चेत रुळू लागली. जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेकडून विद्यार्थ्याने कथा-कविता करवून घ्याव्यात आणि त्यातून त्याची सर्जनशीलता विकसित व्हावी, असा हा युक्तिवाद आहे. त्याच्या मुळाशीच वैचारिक गफलत आहे.

मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही काव्याची तीन स्वतंत्र कारणे मानली नाहीत. तिहींचे मिळून एकच कारण मानले. प्रस्तुत युक्तिवाद नेमकी ही एकात्मता मोडतो. अभ्यास यंत्राकडे सोपवायचा, निपुणता त्याच्या साठ्यातून उसनी घ्यायची आणि शक्ती मात्र विद्यार्थ्याची वाढेल असे गृहीत धरायचे, हे तर्कदुष्ट आहे.

आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याची संभाव्यता किती, याचे गणित हे यंत्र करते. कुंतकाची वक्रोक्ती म्हणजे रूढ कथनाहून वेगळे पडणारे कथन. यंत्राचा स्वाभाविक ओढा जिकडे आहे, त्याच्या विरुद्ध दिशेला काव्य सुरू होते. 'तापमान' नावाचे परिमाण वाढवून कमी संभाव्य शब्दही मिळवता येतात, असे यावर सांगितले जाईल. ते मिळतात, परंतु यदृच्छा म्हणजे वक्रता नव्हे. वक्रतेमागे कविव्यापार असतो, फासे नव्हेत.

निवड हीसुद्धा निर्मितीच, हा समर्थकांचा सर्वांत सबळ मुद्दा. दहा मसुद्यांतून एक निवडण्याचे मोल नाकारता येत नाही. मात्र राजशेखराच्या परिभाषेत ती भावयित्री प्रतिभा आहे, कारयित्री नव्हे. आणि तीही वाचनावाचून पोसत नाही. ज्याने मर्ढेकर वा अरुण कोलटकर वाचलेले नाहीत, तो या मसुद्यांतला गुळगुळीतपणा कशाच्या आधारे ओळखणार? मराठीच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण आहे. २०२० मधील जीपीटी-३ च्या प्रशिक्षणसामग्रीत शब्दसंख्येने सुमारे ९३ टक्के वाटा इंग्रजीचा होता. असल्या सामग्रीवर घडलेल्या यंत्राच्या मराठीत परके वाक्यवळण कोठे शिरले, हे हेरण्यासाठी आधी स्वतःची भाषा कानात मुरलेली असावी लागते.

यंत्र वर्गाबाहेर ठेवावे, असा याचा अर्थ नाही. त्याची जागा समीक्षेच्या तासाला आहे. त्याचा मसुदा पुढ्यात ठेवून कोणती ओळ का नाकारली, याचे लेखी समर्थन विद्यार्थ्याकडून मागावे. एवढे करायचे नसेल तर अभ्यासक्रमात 'यंत्रचालन' असा विषय प्रामाणिकपणे ठेवावा. त्याला सर्जनशीलता म्हणू नये.