ई-साधनांची दवंडी पिटायलाच हवी

सार्वजनिक ग्रंथालयांच्या चालकमंडळींत हल्ली एक मत पक्के होऊन बसले आहे. ई-साधने आहेत, ज्याला गरज असेल तो शोधून काढील, मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यांची जाहिरात करत बसणे हे ग्रंथालयाचे काम नव्हे, असे ते मत. मला ते साफ अमान्य आहे, कारण त्यात सर्वाधिक नुकसान होते ते ज्याला मदतीची गरज आहे अशा वाचकाचे.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. जुन्या ग्रंथालयांत तो संदर्भाच्या कपाटात असतो, घरी नेता येत नाही. त्याच कोशाची 1857ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर कित्येक वर्षे विनामूल्य खुली आहे. शेजारीच दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. मोल्सवर्थमध्ये शब्दाचा अर्थ तर सापडतोच, शिवाय अर्थांच्या मजकुरातही शोध घेता येतो. बैलाला इंग्रजीत जे म्हणतात ते टाकले, की बैलाशी निगडित मराठी शब्दांची रांगच समोर येते. छापील प्रतीत हे करायचे तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवावे लागेल. ग्रामीण कादंबरीवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला ही सोय आपोआप कशी कळावी? ती बिचारी शब्द गुगलवर टाकते आणि जे पहिले दिसेल ते उतरवून घेते. ग्रंथपालाने दोन मिनिटे दाखवले असते, तर तिच्या कामाचा दर्जाच बदलला असता.

मराठी विश्वकोश, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची मोफत उतरवून घेता येणारी पुस्तके, एशियाटिक सोसायटीची ‘ग्रंथ संजीवनी’ यांचीही तीच गत. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे त्यांतले तिसरे. ग्रंथ कपाटात आहे की पडद्यावर, याने त्या सूत्रात काही फरक पडत नाही. वाचक मिळवून देण्याची जबाबदारी ग्रंथालयाचीच राहते.

दुसरा आक्षेप भीतीपोटी येतो: सगळे मोबाइलवर मिळते असे आपणच सांगू लागलो, तर देवघेव थांबेल, सभासद गळतील, अनुदानावर गदा येईल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. वर्गणीच्या पैशांत वीजबिल भागवणारी ग्रंथालये मी पाहिली आहेत. पण अलीकडच्या लेखकांची बहुतेक मराठी पुस्तके अधिकृतपणे फुकट मिळतच नाहीत. त्यांच्यासाठी कपाटाकडे यावेच लागते. शिवाय डोळे अधू झाले म्हणून वर्गणी बंद केलेले कितीतरी ज्येष्ठ सभासद प्रत्येक गावात आहेत. स्कॅन केलेले पान बोटांनी हवे तेवढे मोठे करता येते, हे कुणी शेजारी बसून दाखवले, तर ते परत येतील.

ई-पुस्तकांच्या प्रचाराने लेखक-प्रकाशक बुडतात, हा तिसरा आक्षेप तर वस्तुस्थितीला सोडून आहे. त्यांना बुडवतात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफ. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून 2011पासून त्यांचे लेखन सर्वांना खुले आहे. हयात लेखकाची कादंबरी तशी नाही. हा भेद वाचकाला कुणी समजावून सांगायचा? ज्याच्या शब्दावर वाचकाचा विश्वास आहे त्या ग्रंथपालानेच.

आणि हे करायला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. मोल्सवर्थच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला क्यूआर कोडची चिठ्ठी चिकटवा, ‘हा कोश घरी मोबाइलवरही पाहता येतो’ असे खाली मराठीत लिहा. विश्वकोशाच्या खंडांनाही तसेच करा. प्रवेशद्वारावरच्या फ्लेक्सपेक्षा ही चिठ्ठी अधिक काम करील, कारण ती गरजेच्या क्षणी हातात येते. वाचन प्रेरणा दिनाला, 15 ऑक्टोबरला, आणि 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला आपण ग्रंथप्रदर्शन मांडतोच; त्याच टेबलाशी एक कार्यकर्ता मोबाइल घेऊन बसवा आणि येईल त्याला त्याच्याच फोनवर त्याच्याच कामाची गोष्ट शोधून द्या. शेतकऱ्याला विश्वकोशातली पिकाची नोंद, इतिहासाच्या हौशी अभ्यासकाला आपल्या जिल्ह्याचे गॅझेटिअर. किती जणांना असे दाखवले, हा आकडा वार्षिक अहवालात देवघेवीच्या आकड्याशेजारी छापा.

सभासदांनाही माझे सांगणे आहे. तुमच्या ग्रंथालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय तुम्हीच मांडा, आणि तो आयत्या वेळच्या विषयांत नको. आधी लेखी पत्र देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा.