कच्च्या केळ्याचं भजं आणि तीन पाळ्या

कच्च्या केळ्याचं भजं कढईतून निघाल्यावर फार तर आठ-दहा मिनिटं कुरकुरीत राहतं. कांद्याच्या भज्यांना एवढी घाई नसते. त्यांच्या सुट्या, वेड्यावाकड्या कडा तेलात चांगल्या वाळलेल्या असतात, त्यामुळे अर्ध्या तासानं खाल्ली तरी चालतात. आलुबोंडा निवला तरी वर गरम रस्सा ओतला की आमच्या चंद्रपूर भागात कुणाची तक्रार नसते. केळ्याच्या भज्याच्या पोटात मात्र ओला, पिठूळ, गरम काप असतो. त्याची वाफ बाहेर पडायला धडपडते आणि वरचं कवच आतून भिजवत जाते. म्हणून हे भजं गाड्यावर किंवा लग्नाच्या पंगतीत क्वचितच चांगलं मिळतं. ते घरीच करावं आणि कढईजवळ उभं राहून खावं.

पण माजरीसारख्या गावात सगळं घर एका वेळी कढईजवळ सापडायचं कसं? इथं दिवस आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांनी कापलेला. एक जण खाणीतून येतो तेव्हा दुसरा डबा घेऊन निघालेला असतो आणि तिसरा रातपाळी करून झोपलेला. सगळ्यांनी मिळून गरम खायचं म्हटलं तर रविवारची वाट पाहावी लागते, आणि रविवारही सगळ्यांना मिळेलच असं नाही. या गावातल्या बायकांनी या अडचणीवर जे उपाय काढले, ते मला कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकापेक्षा मोलाचे वाटतात.

माजरी भद्रावती तालुक्यात, वर्धा नदीच्या बाजूला. वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावरचं हे जंक्शन. इथून एक फाटा वणी, आदिलाबादवरून मुदखेडकडे जातो. कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं 1973 मध्ये, आणि 1975 पासून वेकोलिचा, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडचा, कारभार सुरू झाला. कुचन्याच्या वसाहतीत आणि माजरी कॉलरीच्या क्वार्टरांत आदिलाबाद-करीमनगरकडचे तेलुगू, छत्तीसगडचे, बिहारचे, उत्तर प्रदेशचे आणि अर्थातच विदर्भातले लोक भिंतीला भिंत लावून राहिले. प्रत्येकानं आपली कढई आणि आपलं तेल बरोबर आणलं. पावसाळ्याच्या संध्याकाळी ओळीतून चालत गेलं की एका दारातून मोहरीच्या तेलाचा वास येई, पुढच्या दारातून शेंगदाण्याच्या. तेव्हा कामगारांना घरी जाळायला कोळसा मिळत असे. दिवेलागणीला दारोदार शेगड्या पेटत आणि धुराचा थर छपरांवर बसून राही.

आणि बहुतेक क्वार्टरांच्या मागे, न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं, केळीचं एक बेट. कुणी मुद्दाम लावलेलं नसे. एक मुनवा कुणीतरी दिलेला, तो पसरत गेला. पानांवर कोळशाची बारीक काळपट भुकटी बसलेली असायची. घड उतरवला की आधी नळाखाली धरून खसाखसा धुवावा लागे. इतर गावांत केळं सोलण्याआधी कुणी धूत नाही, इथं धुतात.

कच्च्या केळ्याचं भजं या ओळींत आणलं ते तेलुगू घरांनी, असं मला वाटतं. त्यांच्याकडची अरटिकाय बज्जी दुपारच्या चहाबरोबर हमखास असे. विदर्भातल्या आमच्या घरांत कच्च्या केळ्याची भाजी व्हायची, तीही कधीमधी. केळफुलाचीही व्हायची. भज्यांत मात्र कांदा, आलू, मिरची आणि धोप्याची पानं, एवढंच. शेजारच्या अक्कांच्या हातचं पहिलं भजं खाल्लं आणि आमच्या घरात केळ्याला वेगळा मान मिळाला. गडचिरोलीत गेलं की असाच मान बंगाली वसाहतींत दिसतो. पूर्व पाकिस्तानातून आलेली निर्वासित कुटुंबं चामोर्शी, मुलचेरा भागात वसवली गेली, त्यांच्या परसात केळ हटकून. कच्चं केळं त्यांच्या रोजच्या रांधण्यात आहे. केळ्याचं सालसुद्धा ते टाकत नाहीत. उकडून, लसूण-मिरची घालून वाटतात आणि फोडणीत परततात. भज्यांसाठी केळी सोलली की सालींचा हा उपयोग करून पाहावा. गरम भाताबरोबर फार चांगला लागतो.

आता केळं निवडण्याबद्दल. बाजारात येणारी पिकाऊ केळी हिरवीच येतात आणि मग पिकवणी खोलीत इथिलीन वायूवर पिवळी होतात. त्याआधीची, कडक हिरवी फणी फळवाल्याकडून मागून घ्यावी. भाजीची म्हणून जी जाड, कोनदार केळी मिळतात ती याहून सरस, कारण त्यांचा गर जास्त पिठूळ असतो. कच्च्या केळ्याच्या गरातलं पाणी वगळलं तर उरतं त्यात बहुतांश स्टार्चच असतं. केळं पिकू लागलं की त्याच स्टार्चची साखर होते. म्हणून बोटानं दाबल्यावर जरा नरम लागणारं, देठाशी पिवळसर झालेलं केळं भज्याला घेऊ नये. साखर तेलात लवकर करपते, भजं बाहेरून काळपट होतं आणि आत लगदा. केरळातली पळमपोरी पिकल्या केळ्याची असते हे खरं. पण तिला नेंद्रन केळं लागतं, जे पिकूनही घट्ट राहतं. आपल्या कोकणातली राजेळी त्याच जातकुळीतली. नेहमीच्या पिवळ्या केळ्याला ते जमत नाही.

सोलण्याआधी हाताला तेल लावावं, नाहीतर चीक बोटांना काळे डाग पाडतो आणि ते दोन-दोन दिवस जात नाहीत. साल सुरीनं काढायची, वरची हिरवी शीर तेवढी, आतला पातळ पांढरा थर राहिला तरी चालेल. काप उभे करायचे. दोन नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होते तेवढे. याहून जाड ठेवले तर काप कच्चा राहतो, पातळ केले तर पिठात हरवतो. काप चिरल्याबरोबर मीठ-हळदीच्या पाण्यात किंवा पातळ ताकात टाकायचे. केळं चिरल्यावर काळं पडतं ते त्यात लोह भरपूर असतं म्हणून, असं अजूनही पुष्कळ घरांत सांगतात. तसं काही नाही. केळ्यातल्या एका विकराचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध आला की हा रंग येतो, ताकाच्या आंबटपणानं तो थांबतो. पण भिजवून काढलेले काप तसेच ओले पिठात बुडवायचे नाहीत. कापडावर पसरून कोरडे करायचे आणि त्यांच्यावर तांदळाचं पीठ भुरभुरवायचं. केळ्याचा पृष्ठभाग निसरडा असतो, बेसन त्यावरून घसरतं. ही कोरडी पिठी मध्ये असली की धरून राहतं. भजं चावल्यावर कवच एकीकडे आणि केळं दुसरीकडे असं ज्यांचं होतं, त्यांनी एवढं करून पाहावं.

तांदळाचं पीठ हाच या भज्याचा कणा. चार वाट्या बेसनाला एक वाटी. बेसन नुसतं असलं तर कवच आधी खुसखुशीत लागतं, पण लगेच सैल पडतं. तांदळाच्या पिठानं ते कडक होतं आणि थोडा वेळ तसंच राहतं. आमच्या जिल्ह्याला या पिठाची कमतरता पडायचं कारण नाही. पश्चिमेकडे भद्रावती, वरोऱ्याला कापूस-सोयाबीनची काळी जमीन. पूर्वेकडे मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हा सगळा धानाचा पट्टा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे याच पट्ट्यातले. जेमतेम शिकलेल्या या अल्पभूधारक शेतकऱ्याला 1983 मध्ये आपल्या शेतातल्या ‘पटेल 3’ धानात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या राखल्या, पुन्हा पेरल्या, निवडत नेल्या आणि त्यातून एक बारीक, चवदार तांदूळ उभा राहिला. त्या काळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडलं. हा तांदूळ महाराष्ट्राबाहेरही पोचला. दादाजी मात्र शेवटपर्यंत ओढगस्तीत राहिले आणि जून 2018 मध्ये गेले. एचएमटीची कणी स्वस्त मिळते. ती धुऊन, सावलीत वाळवून चक्कीवर जरा रवाळ दळून आणली तर भज्यांना याहून चांगलं पीठ मी पाहिलेलं नाही. पुड्यातल्या गुळगुळीत पिठापेक्षा हे कितीतरी कुरकुरीत होतं. पीठ मळताना दादाजींची आठवण होते. ज्या माणसानं जिल्ह्याच्या ताटाला हा दाणा दिला त्याचं नाव मुलांना घराघरांत सांगितलं जावं, असं मनापासून वाटतं.

पिठात मीठ, तिखट, हळद, हिंग, हातावर चोळलेला ओवा आणि चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. पाणी गार घ्यायचं आणि बेतानं. कापावर सारखा थर बसला पाहिजे, त्याचे ओघळ खाली गळता कामा नयेत. सोडा नको. सोड्यानं भजं फुगतं, जाळी पडते आणि ती जाळी तेल पिते.

तेल तापलं का हे पाहायला पिठाचा थेंब टाकायचा. तो तळाशी जाऊन लगेच वर आला की तेल तयार. तळाशी बसून राहिला तर थांबा, पडताक्षणीच वर येऊन लाल झाला तर आच कमी करा. एका वेळी चार-पाचच भजी सोडायची, जास्त सोडली की तेल थंड पडतं. कढईत जे बुडबुडे दिसतात ती भज्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असल्याची खूण. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी जागा मिळत नाही. भजं बाहेर काढलं, निवू लागलं, आतल्या वाफेचं पाणी झालं की आतला दाब कमी होतो आणि अंगावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणजे भजं तेलकट होतं ते बरंचसं कढईबाहेर. म्हणून झाऱ्यात घेऊन कढईवरच गरमागरम झटकायचं आणि लगेच चाळणीत किंवा जाळीवर उभं ठेवायचं. ताटात रास घालायची नाही, झाकण ठेवायचं नाही. आणि वर्तमानपत्राचा कागद मुळीच नको. वर्तमानपत्रात लिहिणारी मीच हे सांगते आहे. छपाईच्या शाईपायी अन्नपदार्थ त्यात बांधू नयेत, असं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2016 मध्येच बजावलं आहे.

आता पाळ्यांचं. अक्कांच्या घरी चार मिळवते, चौघांच्या वेळा वेगळ्या. त्या भजी दोनदा तळायच्या. दुपारी मध्यम आचेवर सगळी भजी फिकट पिवळी होईपर्यंत तळून जाळीवर पसरून ठेवायच्या. काप शिजलेला, कवच धरलेलं, रंग मात्र आलेला नाही. मग फाटकाचा आवाज आला की तेल कडक तापवून त्या माणसापुरती पाच-सहा भजी मिनिटभर पुन्हा सोडायची. पहिल्या तळणीत आतलं पाणी बरंच गेलेलं असतं, दुसऱ्या वेळी कवच झटकन कडक होतं. कॅरिबियन बेटांत आणि दक्षिण अमेरिकेत कच्च्या केळ्याचे ‘तोस्तोनेस’ असेच करतात. जाड चकत्या एकदा तळायच्या, गरम असतानाच दाबून चपट्या करायच्या आणि पुन्हा तळायच्या. समुद्रापलीकडच्या बायकांना आणि माजरीच्या अक्कांना एकमेकींचा पत्ता नव्हता, पण केळ्याच्या पिठूळ गरानं दोघींनाही हेच शिकवलं. अर्धी तळलेली भजी दोन-तीन तासांपलीकडे ठेवू नयेत. रातपाळीवाल्यासाठी काप आणि कोरडं पीठ वेगवेगळं ठेवावं, आयत्या वेळी भिजवावं.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार खुपते. तळणारी बाई शेवटी खाते. घाण्यामागून घाणे निघतात, दारापर्यंत, अंगणापर्यंत पोचतात आणि तिच्या वाट्याला येतात चाळणीच्या तळाशी राहिलेली मऊ, गार भजी. कांद्याच्या भज्यांत हे कदाचित खपून जाईल. केळ्याच्या भज्यांत तिला ते भजं मिळालेलंच नसतं. आयुष्यभर केळ्याची भजी तळून ती कुरकुरीत कशी लागतात हे माहीत नसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून आमच्या घरात पहिला घाणा जो तळतो त्याचा. त्याला आणखी एक कारण आहे. मीठ, तिखट, आच हे सगळं त्याच घाण्यात कळतं आणि पुढचं सुधारता येतं. पहिला घाणा खाऊन झाला की झारा दुसऱ्याच्या हातात द्यावा. पाळ्या खाणीत लागतात तशा कढईवरही लावता येतात. आता आमच्याकडे मुलगेही तळतात आणि चांगलं तळतात.

श्रावणात उपवासाच्या दिवशी बेसनाऐवजी शिंगाड्याचं पीठ घ्यावं, तांदूळही वगळावा, तिखटाऐवजी हिरवी मिरची आणि जिरं वाटून लावावं. ही भजी थोडी ठिसूळ होतात, तळताना हलवायची घाई करू नये.

भजी उरलीच तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तळू नका, फक्त तेलकट होतात. ताकाला बेसन लावून, लसूण, मेथीदाणे आणि लाल मिरचीची फोडणी देऊन कढी करावी, उकळी आली की भजी त्यात सोडावीत आणि आच बंद करावी. पाच मिनिटांत ती कढी पितात आणि आतून मऊ होतात. वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घालावा, बाजूला एचएमटीचा मोकळा भात.