गाडीतला पेट्रोलचा डबा



छाटणी झाली की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत फवारणीची घाई सुरू होते. फवारणीच्या यंत्राला पेट्रोल हवे आणि पेट्रोल पंप गावापासून लांब. मग कोणी गाडी घेऊन बाजाराला निघाला की त्याच्या हाती थंड पेयाची रिकामी बाटली दिली जाते. "येताना दोन लिटर आण रे!" बाटली मागच्या सीटवर, शेजारी मुले, काचा बंद. आजवर काही झाले नाही, म्हणून दर हंगामात हेच चालते.

पण पेटते ती पेट्रोलची वाफ. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ निघते. तिच्यापुढे निफाडची थंडी ती काय! ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड. ती वर उडून जात नाही, सीटखाली पायांशी साचते. मग एक ठिणगी पुरे.

मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. अशा डेपोत टँकर भरण्याआधी तो तारेने जमिनीशी जोडतात, कारण वाहत्या पेट्रोलमुळे वीज साठते आणि ठिणगी पडू शकते. जे टँकरला, तेच आपल्या डब्याला. डबा गाडीतच ठेवून भरून घेऊ नका. तो जमिनीवर ठेवा, नळीचे तोंड डब्याला टेकलेले राहू द्या. काठोकाठ भरू नका. उन्हाने पेट्रोल फुगते.

डबा कसला घ्यावा? १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवता येते. मात्र ते घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात हवे आणि एक डबा २५ लिटरहून मोठा नको. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे असेल तर एक लिटरपर्यंतचेच. प्लास्टिकच्या बाटलीचे त्यात नावही नाही.

डबा डिकीत उभा ठेवून दोरीने बांधा. काचा उघड्या ठेवा, विडी-सिगारेट नको, मुले सोबत नकोत. वाटेत गाडी उन्हात लावून चहाला बसू नका. वास आलाच, तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सर्वांना उतरवा, दारे उघडा. पेट्रोल पेटले तर पाणी ओतू नका. पाण्यावर तरंगत आग पसरते. माती किंवा वाळू टाका.

घरी आल्यावर डबा चूल, गॅस, देवघरातला दिवा यांपासून दूर, मुलांचा हात पोचणार नाही अशा मोकळ्या हवेच्या जागी ठेवा. ताई-वहिनींनो, तहानलेले मूल थंड पेयाची बाटली बघून तोंडाला लावते, हे तुम्हांला सांगायला नको. यंत्रातही पेट्रोल भरायचे ते इंजिन निवल्यावरच.

यंदा कोणी पेट्रोलसाठी बाटली मागितली, तर देऊ नका. घट्ट बुचाचा डबा द्या.