पोगाचार येणार नाहीये, तरी पुण्याला जा!

१९ जानेवारीला सोमवार आहे. प्रॅक्टिकल्स, सबमिशन, अटेंडन्स असं सगळं त्याच आठवड्यात येऊन बसलंय. आणि नेमकी १९ ते २३ जानेवारीलाच ‘पुणे ग्रँड टूर’ आहे. पाच दिवस आणि ४३७ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या, म्हणजे यूसीआयच्या, २.२ दर्जाची टप्प्याटप्प्यांची शर्यत भारतात पहिल्यांदाच होतेय. सुरुवातीला शहरातली छोटी वेळेची शर्यत, म्हणजे प्रोलॉग, आणि मग चार दिवस चार टप्पे. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती ही नावं आता सायकल शर्यतीच्या नकाशावर दिसणार.

पालघर, बोईसर, डहाणूकडे सायकल रेसिंगचे फॅन्स किती, असं कुणी विचारेल. क्रिकेटइतके नाहीत, हे उघड आहे. पण आहेत. जुलै महिन्यात डहाणू लोकलच्या दारात उभं राहून फोनवर ‘तूर द फ्रान्स’ बघणारी मुलं आहेत. पिवळी जर्सी कुणाची, हिरवी कुणाची, लाल ठिपक्यांची कुणाची, हे त्यांना पाठ असतं. यंदा त्यांच्यात एकच चर्चा आहे: पुण्याला जायचं की नाही? आणि न जाण्याची कारणंही तयार आहेत. मला ती कारणं पटत नाहीत, म्हणून हा लेख.

पहिलं कारण, ‘पोगाचार थोडीच येणारे!’ बरोबर आहे. २.२ मधला पहिला आकडा म्हणजे अनेक दिवसांची शर्यत आणि दुसरा म्हणजे तिचा दर्जा. या दर्जाच्या शर्यतीत ‘तूर’मधले वर्ल्ड टूर संघ उतरत नाहीत. कॉन्टिनेंटल संघ येतात, वेगवेगळ्या देशांचे राष्ट्रीय संघ येतात. म्हणजे चार वेळा ‘तूर’ जिंकलेला पोगाचार दिसणार नाही, पण त्या पातळीवर पोचायला धडपडणारी बावीस-तेवीस वर्षांची पोरं दिसतील, म्हणजे जवळपास आपल्याच वयाची. त्यांच्यासाठी इथले रँकिंग गुण फार मोलाचे आहेत. ज्याचं अजून नाव व्हायचंय, तो जीव तोडून पळतो. रणजीची मॅच बघायला जाणारे लोक हे बरोबर ओळखून असतात.

शिवाय रोड रेस फोनवर जितकी कळते, त्याहून जास्त रस्त्याकडेला उभं राहिल्यावर कळते. आणि तिला तिकीट नसतं. जिथे रस्ता, तिथे स्टेडियम. दीडशे-पावणेदोनशे सायकली एका झुंडीत ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने अंगावरून जातात, तेव्हा आधी वारा लागतो आणि मग चेनचा आवाज येतो. झुंडीत का जातात? कारण पुढच्याच्या मागे चिकटून चालवलं की वारा कमी लागतो आणि साधारण एक तृतीयांश ताकद वाचते. म्हणून प्रत्येक संघात काही जणांचं कामच असतं पुढे राहून वारा खायचा, मागे गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या आणायच्या आणि लीडरचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. फ्रेंचमध्ये अशा खेळाडूला ‘दोमेस्तीक’ म्हणतात, शब्दशः अर्थ घरगडी. तो सहसा पोडियमवर दिसत नाही. पण त्याच्याशिवाय लीडर जिंकत नाही. टीव्ही बहुतेक वेळ पुढे असलेल्याला दाखवतो. मागे घामाने निथळत बाटल्या आणणारा बघायचा असेल तर घाटात जाऊनच उभं राहावं लागतं.

घाटात उभं राहून रेस बघणं आपल्याकडे नवीनही नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. हा किताब म्हणजे ‘तूर’मधल्या ठिपक्यांच्या जर्सीचा मराठी भाऊच. ती जर्सी १९७५ साली आली. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी खंडाळ्यात उभं राहून टाळ्या वाजवल्यात. आपण ती सवय विसरलो, एवढंच.

दुसरं कारण, ‘आपले कुठे जिंकणारेत?’ हे वाक्य ऐकलं की मला वैताग येतो. भारतीय खेळाडू पहिल्या दहात नसतील, कदाचित पहिल्या तीसातही नसतील. पण युरोपातला मुलगा शाळेत असल्यापासून जवळपास दर आठवड्याला झुंडीत रेस पळतो. झुंडीत कोपर कुठे ठेवायचं, वळणावर ब्रेक कधी सोडायचा, हे एकट्याने हायवेवर प्रॅक्टिस करून येत नाही. त्यासाठी चांगल्या खेळाडूंबरोबर रेस पळावी लागते आणि त्यात हरावं लागतं. घरच्या रस्त्यावर अशा रेसमध्ये वेळेत फिनिश करणं हीच आपल्या पोरांची या वर्षीची परीक्षा आहे. मेडल मोजायला जाणार असाल तर खरंच जाऊ नका. सर्वात मागे राहिलेल्या भारतीय रायडरला घाटात नावाने हाक मारून ओरडणार असाल तर नक्की जा.

तिसरं कारण सगळ्यात वजनदार आहे आणि ते मी उडवून लावणार नाही. ‘पाहुणे येणार म्हणून पाच दिवसांसाठी डांबर टाकलं. आपण वर्षानुवर्षं खड्ड्यांतून जातोय, तेव्हा नाही आठवलं?’

हा प्रश्न आपल्याकडच्या माणसाने विचारावा हे साहजिकच आहे. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाणारा रस्ता आठवा. पालघर-मनोर रस्त्यावरचा वाघोबा घाट पावसाळ्यात आठवा. पण माझं म्हणणं असं आहे की, या प्रश्नाचा शेवट ‘म्हणून रेस नको’ असा करू नका. ‘म्हणजे हे जमतं तर!’ असा करा. शर्यतीच्या रस्त्याच्या अटी कडक असतात. खड्डा नको, सुटी खडी नको, उघडं गटार नको, वळणावर आडवा गतिरोधक नको. कारण पंचेचाळीसच्या वेगात एक जण पडला की मागचे पंधरा पडतात. या अटी पुण्याच्या ग्रामीण भागातल्या साध्या रस्त्यांवर पाळता येतात, हे या तयारीतून आपल्यासमोर आलंय. मग तारापूरला का नाही, हे विचारायचा हक्क सायकल फॅनला इतर कुणाहीपेक्षा जास्त आहे.

कारण आपल्या जिल्ह्यातला खरा पेलोटॉन तारापूर एमआयडीसीत आहे. फर्स्ट शिफ्ट सुरू व्हायच्या आधी बोईसरच्या नवापूर रस्त्यावर उभे राहा. सरावली, खैरापाडा, पास्थळ, कुंभवलीच्या बाजूने माणसं सायकल मारत येताना दिसतील. हँडलला डबा, कॅरिअरला रेनकोट, मडगार्ड दोरीने बांधलेलं. बरेचसे यूपी-बिहार-ओडिशातून आलेले, बरेचसे इथलेच. शेजारून टँकर आणि ट्रेलर. साइडपट्टीवर एक तर खडी असते, नाहीतर उभा केलेला ट्रक. त्यामुळे सायकलवाला रस्त्याच्या मधोमध येतो आणि मागून हॉर्न खातो. नाईट शिफ्टवाल्याचं तर विचारूच नका. सायकलला दिवा नाही, रस्त्यावरचा दिवा लागेलच याचा भरवसा नाही.

आपण फॅन लोक दीडशे वॉट, अडीचशे वॉट यावर तासभर बोलू शकतो. सायकलचं वजन ६.८ किलोच्या खाली चालत नाही, हा यूसीआयचा नियम आपल्याला माहीत असतो. पण वीस किलोच्या सायकलवर आठ तास उभं राहून काम करायला जाणारा माणूस आपल्याला ‘सायकलिस्ट’ वाटतच नाही. लायक्रा घातली, हेल्मेट घातलं, रविवारी केळव्याला जाऊन फोटो टाकला की सायकलिस्ट! हे मला खटकतं. वारा खाऊन दुसऱ्यासाठी पळणाऱ्या दोमेस्तीकचं कौतुक आपल्याला कळतं, तर हा माणूसही कळायला हवा.

बाहेरच्या जगात हे घडलेलं आहे. रवांडा हा आपल्या पालघरसारखाच डोंगराळ, पण खूप गरीब देश. तिथे सायकल म्हणजे शौक नव्हे. केळीचे घड, दुधाचे कॅन, माणसं, सगळं सायकलवरून जातं. तिथल्या राष्ट्रीय संघात सुरुवातीच्या काळात सायकल-टॅक्सी चालवणारी मुलंही होती. ‘तूर द्यू रवांडा’ सुरू झाली आणि चढावर दोन्ही बाजूंनी गर्दी उभी राहायला लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये रस्त्यावरच्या सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा राजधानी किगालीत झाली, आफ्रिकेत पहिल्यांदाच. एरिट्रियाचा बिनियाम गिरमाय २०२४ साली ‘तूर द फ्रान्स’चा टप्पा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी ठरला आणि त्याच वर्षी हिरवी जर्सी घरी घेऊन गेला. या देशांकडे आपल्यापेक्षा पैसा जास्त नव्हता. रोजची सायकल आणि रेसची सायकल यांच्यात त्यांनी भिंत बांधली नाही, असं मला वाटतं.

आपल्याकडे ती भिंत आहे आणि तिची किंमत आपण एकदा मोजलीय. २०१० आणि २०११ साली मुंबईत परदेशी व्यावसायिक सायकलपटू आणून शर्यती झाल्या. मोठे प्रायोजक होते, मोठी नावं होती. आज कॉलेजात कुणाला त्या आठवतात? शर्यत आली, रस्ते बंद झाले, शर्यत गेली आणि मुंबईत सायकल चालवणं होतं तितकंच धोक्याचं राहिलं. शहराला त्यातून रोजच्या वापराचं काही मिळालं नाही, मग शर्यत बंद पडल्यावर शहराने हळहळ तरी का करावी? पुणे ग्रँड टूरचंही असं होऊ शकतं. ते व्हायला नको असेल तर २४ जानेवारीला काय होतं याकडे फॅन्सनी लक्ष ठेवायला हवं.

म्हणून माझं सांगणं दोन भागांत आहे.

एक, जा. डहाणू लोकल पकडा, विरारला बदलून दादर आणि तिथून पुण्याची गाडी. पाचही दिवस नाही जमणार, एक दिवस निवडा. शक्यतो चढाचा निवडा, कारण चढावर वेग कमी होतो आणि चेहरे दिसतात. बाटली, टोपी, खाऊ घेऊन दोन तास आधी पोचा. आणि प्लीज, सेल्फीसाठी रस्त्यात पुढे वाकू नका. २०२१ च्या ‘तूर’मध्ये पहिल्याच दिवशी एका प्रेक्षकाने कॅमेऱ्याला पुठ्ठ्याचा बोर्ड दाखवायला हात पुढे केला आणि अर्धी झुंड रस्त्यावर आडवी झाली. पाळीव कुत्रा आणि ‘मध्येच स्कूटर काढतो’वाला काका, दोघांनाही धरून ठेवा.

दोन, परत आल्यावर एक सकाळ आपल्या रस्त्याला द्या. दांडेकर कॉलेजपासून बोईसर-डहाणूच्या कॉलेजांपर्यंत एनएसएसची युनिट्स आहेत, त्यांना दरवर्षी उपक्रम हवेच असतात. शिफ्ट बदलायच्या वेळी एमआयडीसीच्या रस्त्यांवर चार-पाच ठिकाणी उभं राहायचं आणि सायकली मोजायच्या. किती माणसं, किती बायका, किती शाळेची मुलं, कितींना दिवा आहे, कुठे साइडपट्टी बंद आहे. मोबाइलवर फोटो, वहीत आकडा. तो आकडा एमआयडीसीच्या कार्यालयात, ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषदेत नेऊन द्यायचा. मागणी फार मोठी नको. साइडपट्टी मोकळी आणि सपाट, शिफ्टच्या वेळी दिवे चालू, वळणांवर रिफ्लेक्टर. गाड्या मोजून रस्ते रुंद होतात. सायकली मोजून आपण कुणाच्या टेबलावर ठेवल्या, तर त्यांनाही काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

‘यातून चॅम्पियन कसा निघणार?’ असं विचाराल, तर जव्हार-मोखाड्याकडे बघा. शाळेसाठी रोज चढ-उतार सायकलने कापणाऱ्या मुली तिथे आहेत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. त्या मुलींचे पाय कसे आहेत, हे कुणी कधी घड्याळ लावून बघितलंय? केळव्याच्या किनाऱ्यावरून निघून मनोर, विक्रमगड करत जव्हारच्या घाटात संपणारा टप्पा, समुद्रसपाटीपासून थेट डोंगरमाथ्यापर्यंत. कागदावर हा टप्पा कुठल्याही रेस डायरेक्टरला आवडेल असा आहे. रस्त्यावर मात्र तो आज शक्य नाही. तो शक्य करायचा असेल तर त्याची सुरुवात फर्स्ट शिफ्टच्या सायकली मोजण्यापासूनच होईल.

तोवर पुण्याचं तिकीट बघा. आणि सबमिशन आधीच देऊन टाका.