पाय मोडला तर कोणी भरायचे?

स्नेहसंमेलन जवळ आले की आपण बाहेरून नृत्यशिक्षिका बोलावतो. मानधन ठरते, सभागृह ठरते, तबलजी ठरतो. पण तालमीत एखादी विद्यार्थिनी घसरून पडली आणि निष्काळजीपणाचा ठपका बाईंवर आला, तर भरपाई कोणी द्यायची हे मात्र ठरत नाही. ती बाईंनीच द्यावी, असे आपण न बोलता गृहीत धरतो. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

बाई कोणाच्या नोकर नाहीत. कर्मचारी राज्य विमा योजना त्यांच्या कामाची नाही. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा नावाने आशा लावतो, पण तो १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी झाला. अपघात विमा स्वतःच्या हाडांपुरता. दुसऱ्याच्या इजेचे दायित्व त्यात येत नाही, त्यासाठी निराळी पॉलिसी लागते. ब्रिटनमध्ये ‘इक्विटी’ ही कलावंतांची संघटना सभासदत्वाबरोबरच १ कोटी पौंडांपर्यंतचे असे संरक्षण देते.

गुरु-शिष्यांत विमा कसला, असे काही प्राध्यापक म्हणतील. म्हणोत बापडे! यंदाच्या अंदाजपत्रकात रोषणाईच्या खर्चाखालीच या विम्याचा हप्ता मांडावा, आणि तो मानधनातून न कापता महाविद्यालयाने भरावा.