पोलीस संग्रहालय पाहायला जायचं, पण कोणते प्रश्न घेऊन?

आमच्या अभ्यासवर्गातील वीस-बावीस तरुण-तरुणी येत्या हिवाळ्यात दिल्लीला जाणार आहेत. २६, अलीपूर रोडला जायचं हे ठरवायला एक मिनिटही लागलं नाही. जिथे ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं, ती जागा पाहिल्याशिवाय आपल्यासाठी दिल्ली पूर्ण होत नाही. वाद झाला तो दुसऱ्या ठिकाणावरून. चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे, तिथे पोलिसांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. ते पाहायचं की नाही?

भरतीची तयारी करणारा एक मुलगा म्हणाला, "बघायलाच पाहिजे. उद्या आपल्यालाही ती वर्दी घालायचीय." पारधी वस्तीतून येणारा दुसरा म्हणाला, "पोलीस आमच्या घरात येतात ते मी लहानपणापासून बघतोय. आता रेल्वेचं भाडं भरून मी त्यांना बघायला जाऊ?" बैठकीत कुणी काही बोललं नाही. कारण दोघेही खरं बोलत होते.

आमचं मत असं की जायचं. पण शाळेची सहल जाते तसं नाही.

या स्मारकाचं उद्घाटन २१ ऑक्टोबर २०१८ रोजी झालं. ही तारीख उगाच निवडलेली नाही. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात १० पोलीस मारले गेले, म्हणून हा दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. कर्तव्य बजावताना प्राण गेलेल्या पोलिसांची नावं तिथल्या भिंतीवर कोरली आहेत. त्या भिंतीपुढे आम्ही मान खाली घालू. त्यात ढोंग नाही. शिपायाची नोकरी करणारा माणूस बहुधा गरीब घरचाच असतो. त्या भिंतीवर आपल्या वस्त्यांमधली नावंही असणार.

पण स्मारक आणि संग्रहालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्मारकापुढे नतमस्तक व्हायचं असतं, संग्रहालयाला प्रश्न विचारायचे असतात. कोणती वस्तू काचेच्या पेटीत ठेवायची आणि कोणती ठेवायची नाही, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. म्हणून तिथे पाऊल ठेवण्याआधी आपले प्रश्न वहीत लिहिलेले हवेत.

पहिला प्रश्न : गावाच्या वेशीवर रात्रभर कोण जागत होतं? चोराच्या पावलांचा माग कोण काढत होतं, सरकारी खजिना डोक्यावरून कोण नेत होतं, पाटलाचा निरोप गावोगाव कोण पोहोचवत होतं? महार. महार हा गावाचा बिनपगारी पोलीस होता. मोबदला म्हणजे वतनाची तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागून आणलेलं बलुतं. ही वेठबिगारी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. ही वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. भारतातल्या पोलिसांचा इतिहास सांगताना हा वेसकर सांगितला जातो का, ते आम्ही पाहू.

दुसरा प्रश्न : १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा आणला आणि दहा वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायदा. या दुसऱ्या कायद्याने मूल जन्मतःच गुन्हेगार ठरलं. हजेरी, परवाना, तारेचं कुंपण घातलेली सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि ठाण्यातला संशय तसाच राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांतल्या जातिभेदाचे नियम घटनाबाह्य ठरवताना विमुक्त जमातींवरच्या या जुन्या शिक्क्याचीही दखल घ्यावी लागली. हजेरीचं ते रजिस्टर कुठल्या पेटीत आहे का, हे आमचा पारधी मित्र विचारणार आहे. त्याच्याइतका हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कुणाला आहे?

तिसरा प्रश्न स्वातंत्र्यानंतरचा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. १० जण मारले गेले. २००९ साली सत्र न्यायालयाने एका उपनिरीक्षकाला दोषी ठरवलं. बारा वर्षं लागली. पोलिसांच्या इतिहासात त्यांच्या शौर्याची पानं असतील तर ही पानंही असली पाहिजेत.

आता काही कार्यकर्ते म्हणतील, हे सगळं माहीत असताना जायचंच कशाला? त्यांना आम्ही १९२८ चीच आणखी एक गोष्ट सांगतो. सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी जे निवेदन दिलं, त्यात लष्कर, आरमार आणि पोलीस यांत अस्पृश्यांना विनाअडथळा भरतीचा हक्क मागितला होता. त्याहून पुढे जाऊन प्रत्येक जिल्ह्यात अस्पृश्य वर्गातलाच एक खास पोलीस इन्स्पेक्टर नेमला जावा, अशी मागणी होती. बाबासाहेबांनी पोलिसांपासून लांब राहा असं सांगितलं नाही. गावात बहिष्कार पडला, मारहाण झाली, तर तक्रार लिहून घेणारा हात कुणाचा आहे यावर न्याय अवलंबून असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आम्हालाही ते ठाऊक आहे. अॅट्रॉसिटीची फिर्याद नोंदवून घ्यावी म्हणून एका ठाण्यात आम्ही दुपारपासून रात्रीपर्यंत बसलो होतो. "आपसात मिटवा," एवढंच ऐकायला मिळत होतं. कायद्याचं कलम ४ काढून दाखवलं, कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकालाही शिक्षा आहे हे वाचून दाखवलं, तेव्हा कुठे पेन उघडलं. त्या ठाण्यात आपल्या समाजाचाही एक शिपाई होता. तो गप्प होता. म्हणून वर्दीत आपला माणूस असणं गरजेचं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. त्याला आपला इतिहास माहीत असला पाहिजे आणि बाहेर बसलेल्यांना कायदा.

म्हणून आमची योजना साधी आहे. निघण्याआधी दोन रविवार वाचन : एक महार वतनावर, एक गुन्हेगार जमाती कायद्यावर. वेळ, सुट्टीचा दिवस आणि गटाने जाण्याचे नियम आधी विचारून घ्यायचे, ओळखपत्रं सोबत ठेवायची. आत गेल्यावर प्रत्येकाने दोन याद्या करायच्या : काय दिसलं आणि काय दिसलं नाही. परत आल्यावर दुसऱ्या यादीवरून एक सविस्तर निवेदन संग्रहालयाला पाठवायचं. आपल्या वस्तीतल्या वडीलधाऱ्यांकडे वतनाचे जुने कागद किंवा सेटलमेंटच्या आठवणी असतील, त्या टिपून ठेवायच्या. कारण आपला पुरावा आपण जपला नाही, तर दुसऱ्याच्या पेटीत तो कुठून येणार?

जो मुलगा आधी नको म्हणाला, त्याच्यावर आम्ही सक्ती केलेली नाही. तो बाहेर थांबला तरी चालेल, हे ठरलं आहे. मात्र परवाच्या बैठकीत प्रश्नांची वही त्यानेच मागून घेतली आणि पहिल्या पानावर आपल्या आजोबांचं नाव लिहिलं.

जय भीम!